रोजच्या रोज, सकाळच्या सकाळी

रोज सकाळी पोट साफ झालं नाही तर माणूस आजारी, किंवा लवकरच आजारी पडणार, असं मी मनापासून मानत होते. करावे गावातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला तसं सांगतही होते. आता मी तसं मानत नाही. मत एका रात्रीत पालटलं नाही. वाचत गेले, गिऱ्हाइकांना विचारत गेले, घरातल्या बायकांशी बोलत गेले, तसतसं ते सरकत गेलं. ज्या विषयावर आपण घरातसुद्धा आवाज खाली आणून बोलतो, त्यावर मोकळेपणानं लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं माहेर पेणजवळच्या एका खेड्यातलं. आजीचा सकाळचा पहिला प्रश्न "झालं का?" हाच असे. 'नाही' म्हटलं की चहाच्या आधी कोमट पाणी, तरी नाही तर रात्री हिरड्याची पूड, आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या नातवंडांना ओटीवर रांगेनं बसवून एरंडेल. नाक दाबून ते गिळायचं आणि वर लिंबाची फोड चोखायची. आजी हे सगळं मायेनं करायची. अंगावर पुरळ उठलं, डोकं दुखलं, तोंडाला चव नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, सगळ्याचं मूळ तिच्या मते कोठ्यात. पुढे मी डी.फार्म. केलं. कोणतं रेचक मळ फुगवतं, कोणतं आतड्यात पाणी ओढून घेतं, कोणतं आतड्याच्या स्नायूंना हलवतं, हे पाठ केलं. निरोगी माणूस किती वेळा जातो हे मात्र कुठल्या तासाला शिकल्याचं आठवत नाही. त्यामुळे औषधं शिकूनही आजीचा नियम माझ्यात जसाच्या तसा राहिला. उलट पदविकेमुळे त्याला बळच आलं.

लग्न होऊन करावेला आले. नवी मुंबईबाहेरच्यांना पामबीच मार्ग माहीत असतो, सीवूड्सचे टॉवर माहीत असतात, टी. एस. चाणक्यजवळ रोहित पक्षी बघायला गर्दी होते तेही माहीत असतं. त्या सगळ्याच्या मधोमध हे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव आहे. 1970 साली सिडको आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आमचीही शेतं गेली. गावठाणात उरली ती घरांची जागा. तिच्यावर मजले चढले, मजल्यांवर भाड्याच्या खोल्या झाल्या. आज आमच्या गल्लीत जुन्या घरांतली माणसं थोडी आणि भाडेकरू जास्त. मॉलमध्ये कामाला जाणारी पोरं, वॉचमन, ड्रायव्हर, घरकामाच्या बायका, नर्सिंग शिकणाऱ्या मुली. दुकान या सगळ्यांचं.

दुकानात बाई बसली की बायका बोलतात. दुपारी, गर्दी नसताना, आधी क्रोसिनची पट्टी मागायची, पैसे द्यायचे, मग जाता जाता हळूच: "आणि ते पोट साफ व्हायचं काही द्या ना." पुरुष तेवढे लाजत नाहीत, ते चूर्णाचं नावच घेतात. मी कधी कोणाला विचारलंच नाही की तुम्हाला नेमका त्रास काय होतो. 'साफ होत नाही' हे तीन शब्द मला पुरेसे वाटायचे. चूर्णाचा डबा, इसबगोलचं पाकीट किंवा रात्री घ्यायची गोळी, जे ज्याला परवडेल ते मी देत होते.

एक तरुण मुलगा यायचा. सुरक्षारक्षकाची नोकरी, तब्येत ठणठणीत. दर महिन्याला चूर्णाचा डबा. एकदा म्हणाला, "ताई, दुसरं काहीतरी द्या, यानं ड्युटीवर तीन-तीनदा जावं लागतं, पोटात मुरडा येतो, आणि गेटवरून हलता येत नाही." मी विचारलं, चूर्ण सुरू करायच्या आधी काय व्हायचं? तर म्हणाला, एक दिवसाआड जायचो. खडा व्हायचा का? नाही. कुंथावं लागायचं? नाही. पोट फुगायचं? नाही. मग चूर्ण का घेतोस? "रोज होत नव्हतं ना!" त्याच्या आईनं सांगितलं होतं, रूमवरच्या मित्रांनी सांगितलं होतं, आणि काउंटरवरून मीही डबा देतच होते. त्या मुलाला कोणता आजार होता, याचं उत्तर मला देता येईना. मुरडा, घाई, ड्युटीवरची लाज, हा त्याचा सगळा त्रास औषधापासून सुरू झालेला होता.

मग मी वाचायला घेतलं. 1965 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली होती. लंडनच्या डॉक्टरांनी कारखान्यातल्या कामगारांना आणि साध्या दवाखान्यात येणाऱ्या लोकांना विचारलं, तुम्ही किती वेळा जाता. जवळजवळ सगळे 'दिवसातून तीनदा' ते 'आठवड्यातून तीनदा' या पट्ट्यात बसले. पुस्तकातला 'आठवड्यातून तीनपेक्षा कमी म्हणजे बद्धकोष्ठ' हा आकडा असल्याच पाहण्यांवर उभा आहे. मला मात्र जास्त हलवलं ते 1992 मध्ये छापून आलेल्या ब्रिस्टल शहरातल्या अभ्यासानं. केनेथ हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एकोणीसशे लोकांना नुसतं विचारलं नाही, तर लागोपाठच्या खेपांची नोंद ठेवायला लावली. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, अशी घड्याळासारखी सवय पुरुषांत चाळीस टक्क्यांना निघाली आणि बायकांत तेहेतीस टक्क्यांना. म्हणजे ज्याला मी 'नॉर्मल' म्हणत होते ते निम्म्याहून जास्त लोकांचं नव्हतंच. बाकीचे आजारी नव्हते. त्यांची चाल वेगळी होती.

हे लंडन-ब्रिस्टलचं झालं, आपल्याकडे काय? हा प्रश्न मला पडला, आणि तो पडायलाच हवा, कारण आपलं जेवण वेगळं. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या गटानं 2008 साली देशभरातल्या केंद्रांमधून गोळा केलेली माहिती छापली. त्यात साडेचार हजार सर्वसामान्य लोक होते, आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांनी दिवसातून एकदा किंवा दोनदा जातो असं सांगितलं. 1975 मध्ये दिल्लीच्या टंडन डॉक्टरद्वयानं उत्तर भारतीयांच्या मळाचं वजन केलं होतं, ते दिवसाला तीनशे ग्रॅमच्या आसपास भरलं. पाश्चात्त्यांच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे आपली माणसं जास्त वेळा जातात हे खरं. आजीचा नियम अगदी हवेतून आला नव्हता, तिच्या आजूबाजूची बहुतेक माणसं खरोखरच रोज जात असणार.

पण याचा अर्थ लावताना मी बराच काळ अडखळले, आणि इथेच माझं मत खऱ्या अर्थानं बदललं. बहुतेकांचं जे असतं ते सगळ्यांचं असलंच पाहिजे, असं होत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जी बाई आयुष्यभर दिवसातून दोनदा सहज जात होती आणि आता एक दिवसाआड, कुंथून, खडा होऊन जाते, तिला आठवड्यातून तीनदाच्या पुस्तकी आकड्यात बसते म्हणून 'तुम्हाला काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवणं चूक आहे. तिला त्रास आहे. त्या वॉचमन मुलाला नव्हता. दोघांचा आकडा सारखाच, पण एक निरोगी आणि दुसरीला मदत हवी. म्हणून मी आता 'किती वेळा' हे शेवटी विचारते. आधी विचारते: सहज होतं का? जोर लावावा लागतो का? झाल्यावर मोकळं वाटतं का, की अजून आत राहिलंय असं वाटतं? आणि हे पहिल्यापासून असंच आहे, की हल्ली बदललं?

मळ कसा असतो हे विचारणं लोकांना अवघड जातं, मलाही जायचं. हीटन यांनीच लुईस या सहकाऱ्याबरोबर 1997 मध्ये मांडलेला सात चित्रांचा तक्ता त्यासाठी फार उपयोगी. सुटे टणक खडे पहिल्या क्रमांकावर, नुसतं पाणी सातव्यावर. तिसरा-चौथा, म्हणजे सलग आणि मऊ, तो उत्तम. मी तो तक्ता छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. बायका बोलत नाहीत, बोट ठेवतात. पहिल्या-दुसऱ्या चित्रावर बोट गेलं की आठवड्याचा आकडा काहीही असो, मळ आत फार वेळ राहतो आहे हे कळतं.

भीती मात्र तक्त्यानं जात नाही. रोज न गेल्यास आत साठलेला मळ कुजतो, त्याचं विष रक्तात मिसळतं, त्यानं पुरळ येतं, डोकं दुखतं, केस गळतात, ही ती भीती. माझ्या आजीला ती होती, आमच्या चूर्णाच्या डब्यांच्या जाहिरातींत ती आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही ती होती. लंडनचे नामांकित शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन यांचा या विषावर इतका विश्वास होता की ते बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडं ऑपरेशननं काढून टाकत. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. त्याला छेद दिला तो अमेरिकेत, 1919 ते 1922 या काळात. वॉल्टर अल्वारेझ यांनी साधा मुद्दा मांडला: डोकं जड होणं, मरगळ, अस्वस्थपणा हे सगळं शौचाला झाल्याबरोबर काही मिनिटांत जातं. रक्तात विष भिनलं असतं तर ते इतक्या पटकन कसं उतरेल? डोनाल्डसन नावाच्या डॉक्टरांनी तर काही निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून बघितला, आणि तेच जड डोकं, तीच मरगळ आली. कापसात विष कुठलं? ताणानं मज्जातंतूंवर येणारा तो परिणाम होता. त्रास खोटा नव्हता, विषाची कथा खोटी होती. हा फरक मला आजीला सांगता आला असता तर फार बरं वाटलं असतं.

गांधीजींच्या आत्मकथेत जोहान्सबर्गच्या दिवसांची हकिकत आहे. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी यांनी ते त्रासले होते आणि रेचकं घेत होते. सकाळची न्याहारी बंद करून पाहिली, तर डोकेदुखी गेली पण कोठा तसाच राहिला. मग कटिस्नान, मग पोटावर मातीची पट्टी. इतका शिस्तीचा, चालणारा, मोजून खाणारा माणूसही या बाबतीत वर्षानुवर्षं प्रयोगच करत राहिला, हे वाचल्यावर दुकानात येऊन 'माझंच काहीतरी चुकतंय' म्हणणाऱ्यांबद्दल मला जास्त आपुलकी वाटायला लागली.

गिऱ्हाइकं मला आयुर्वेदाचा दाखला देतात, म्हणून त्यातही डोकावले. आमच्या ओळखीच्या वैद्यबाईंनी समजावलं, की कोष्ठ तीन तऱ्हेचे सांगितले आहेत, मृदू, मध्यम आणि क्रूर. कोणाला दुधानंही मोकळं होतं, कोणाला जोराचं औषधही लागू पडत नाही. ही प्रकृती आहे, तिला रोग म्हटलेलं नाही. आणि वेग आला तर अडवू नये, तसाच आलेला नसताना बळेच आणूही नये, अशा दोन्ही गोष्टी वाग्भटानं सांगितल्या आहेत. पहिली आपण सगळे ऐकून असतो. दुसरी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. रोज सकाळी पंचवीस मिनिटं मोबाइल घेऊन बसून कुंथणाऱ्यांना मी आता तीच ऐकवते. त्या बळानं मुळव्याध वाढते, भेगा पडतात.

या सगळ्यानंतर माझं अर्धं मत बदललं होतं. उरलेलं अर्धं सासूबाईंमुळे बदललं.

आत काय होतं ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय त्यांच्या सांगण्याचं वजन कळत नाही. लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर पातळ ऐवज येतो. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, बाहेर पडतं ते शे-दोनशे मिलिलिटर. दिवसातून काही थोड्याच वेळा मोठं आतडं जोरानं ढकलतं. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर हा जोर सगळ्यांत जास्त. चहा घेतला की लागते ती यामुळेच. मळ गुदाशयात उतरला की कळ येते. तेव्हा गेलं तर थोडक्यात काम होतं. नाही गेलं तर गुदाशय सैलावतो, कळ विरून जाते, आणि आतलं पाणी शोषलं जातच राहतं. पुढच्या वेळी तोच मळ जास्त कोरडा, जास्त टणक. असं रोज झालं की कळ यायचीच बंद होते.

सासूबाईंचं वय आता सत्तरीच्या पुढे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा करावेत घरोघरी भातशेती आणि खाडीतली मासेमारी. संडास कोणाकडेच नव्हते. पुरुष उजेडी बांधावर, खाडीच्या कडेला कधीही जायचे. बायकांसाठी तिवरांच्या आडोशाची जागा ठरलेली, आणि वेळही ठरलेली: पहाटे उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. टमरेल घेऊन चौघी-पाचजणी मिळून जायच्या. भरतीचं पाणी चढलेलं असलं की जागाही जायची. मग जिथे जमेल तिथे, घाईघाईनं, विंचू-सापाच्या धाकात. "पोटान कल आली तरी कालोख परं परत थांबाचा," त्या म्हणाल्या. काळोख पडेपर्यंत थांबायचं. दिवसा लागू नये म्हणून त्या दुपारी जेवण कमी घ्यायच्या, पाणी कमी प्यायच्या. गरोदरपणातही. पहिल्या बाळंतपणानंतर टाके असताना त्यांना तसंच अंधारात जावं लागलं, तेव्हापासून मुळव्याध लागली ती आजतागायत. मी त्यांना कित्येक वर्षं चूर्ण देत होते आणि जेवणात पालेभाजी वाढवा म्हणून सांगत होते. त्यांनी भाजी कधी कमी खाल्लीच नव्हती. टाकळा, शेवगा, वालाचं बिरडं, सगळं घरचं. त्यांच्या शरीराला तरुण वयात, वर्षानुवर्षं, कळ दाबायला शिकवलं गेलं होतं.

आज घरात दोन संडास आहेत. पण गल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांकडे बघते तेव्हा तीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. मजल्यावर सहा-सात खोल्या, टोकाला एक संडास. पहाटे पाचपासून बाहेर बादल्या लागलेल्या. ज्याला सीवूड्सहून सीएसएमटीची गाडी पकडायची आहे त्याच्याकडे थांबायला वेळ नाही. कळ येते ती चहानंतर, आणि चहानंतर तो रिक्षात असतो. पुढचा तासभर लोकलमध्ये, जिथे संडास नसतो. कामाच्या ठिकाणी पोचेपर्यंत कळ गेलेली असते. बायकांचं आणखी अवघड. मॉलमध्ये कामाला जाणारी एक मुलगी म्हणाली, "बाहेर चार माणसं उभी असली की मला होतच नाही, कडी पण नीट लागत नाही." तिनं बोट ठेवलं ते पहिल्या चित्रावर. वय पंचविशीच्या आत, रक्त तपासलेलं, थायरॉइड ठीक, सगळं ठीक. अशा मुलीला चूर्ण देणं सोपं आहे. तिला हवी होती दाराची कडी आणि दहा मिनिटं.

मी तिला सुचवलं ते एवढंच: सकाळी सगळ्यांच्या आधी उठता आलं तर उठ, उठल्या उठल्या काहीतरी गरम पी, आणि पहिल्या कळेला जा. ते जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतरची वेळ पकड, तेव्हा रांग नसते. सकाळीच झालं पाहिजे असं शरीराचं काही म्हणणं नाही, कळ जेवणानंतरही येते. रात्री जाणं तिला आधी अपशकुनासारखं वाटलं. पण काही आठवड्यांनी येऊन तिनं न विचारता चौथ्या चित्रावर बोट ठेवलं.

औषधांबद्दलही सांगायला हवं, कारण पोट भरतं ते त्यावरच. 'भरपूर पाणी प्या' हे मी आता सरसकट सांगत नाही. जो मुळात कमी पितो, उन्हात राबतो, त्याला जरूर सांगते. पण पुरेसं पाणी पिणाऱ्यानं आणखी चार तांबे प्यायल्यानं मळ मऊ होत नाही, जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं. इसबगोल चांगलं, पण नीट घ्यायला हवं. थोड्यापासून सुरुवात, पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकून घोट घेणं धोक्याचं, घशात अडकू शकतं. पहिले काही दिवस गॅस होतो, त्याला घाबरून लोक सोडून देतात. ज्यांना आत अडथळा असल्यासारखं वाटतं, बोटानं मदत करावी लागते, त्यांना इसबगोल वाढवून उपयोग नाही. तिथे सैल पडायचे ते स्नायू उलट आवळले जात असतात, आणि त्याचे व्यायाम शिकवणारे डॉक्टर असतात. गुडघे गेलेल्यांना कमोड लागतो, त्यांनी पायाखाली लाकडी पाट ठेवावा, गुडघे वर आले की वाट सरळ होते.

आणि कितीदा तरी कारण आमच्याच काउंटरवरून गेलेलं असतं! गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्या, काही ॲसिडिटीची औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरच्या जोरदार गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या. लोहाच्या गोळीनं खडा होतो म्हणून कित्येकजणी ती गुपचूप बंद करतात आणि आमच्याकडून चूर्ण नेतात. रक्त कमी ते कमीच राहतं. आता मी लोहाची पट्टी देतानाच सांगते की असं होऊ शकतं, झालं तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा, प्रकार किंवा वेळ बदलून मिळते.

चूर्णांवरचा विश्वास उडाल्यावर मध्ये काही काळ मी दुसऱ्या टोकाला गेले होते. सोनामुखी असलेल्या कुठल्याही औषधानं आतडं कायमचं आळशी होतं, असं मी ठणकावून सांगायचे. त्यालाही भक्कम पुरावा नाही, असं पुढे वाचनात आलं. ज्याला खरोखर गरज आहे त्यानं योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते घेतलं तर आतडं निकामी होतं असं दिसलेलं नाही. माझा आक्षेप आता एवढाच, की ज्याला त्रास नाही त्यानं ते घेऊ नये, आणि ज्याला त्रास आहे त्यानं कारण शोधल्याविना वर्षानुवर्षं घेऊ नये. आमच्या सासूबाई अजून अधूनमधून हिरडा घेतात. मी हरकत घेत नाही. त्यांना त्याची गरज आहे.

काही गोष्टींबाबत मी मुळीच सैल झालेले नाही. मळात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, आणि पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर अचानक बदललेली सवय, यातलं एकही असलं तरी मी काही विकत नाही, डॉक्टरकडे पाठवते. 'मुळव्याधच असेल' म्हणून मलम मागणारे फार असतात. असेलही. पण ते तपासणाऱ्यानं ठरवायचं.

हल्ली मी घरमालकांशीही बोलते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना आणखी एक मजला चढवून सहा खोल्या काढायच्या आहेत, नकाशात संडास एकच. दुसरा काढला तर एक खोली कमी होते, म्हणजे महिन्याचं भाडं जातं, हे त्यांचं गणित मला समजतं. आमच्याही घराला भाड्याचा हातभार लागतो. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्हीच तिवरांत जायच्या ना सासूबाईंबरोबर? त्या काही बोलल्या नाहीत, पण नकाशा दाखवायला घरी बोलावलं. दोन संडास, आतून लागणारी कडी, रात्री दिवा, आणि वरच्या टाकीतून वेगळी पाइप, एवढं मी लिहून दिलं आहे. मावशींचं अजून एकावरच घोडं अडलंय. गवंडी रविवारी माप घ्यायला येणार आहे, तेव्हा मीही जाणार आहे.